मागच्या दारची टोपली

रत्नागिरीला आम्हा नर्सांचं एक प्रशिक्षण झालं होतं. विषय होता, लहान वस्त्यांमधल्या आदिवासी रुग्णांशी संवाद आणि व्यावसायिक मर्यादा. पुण्याहून आलेल्या मॅडम फार छान बोलत होत्या. त्यांनी पडद्यावर एक नर्स आणि एक रुग्ण दाखवला आणि दोघांच्या मधे जाड लाल रेघ. रुग्णाकडून काही घ्यायचं नाही, रुग्णाला आपल्या घरी येऊ द्यायचं नाही, नात्यातला रुग्ण शक्यतो दुसऱ्या नर्सकडे सोपवायचा आणि आपलं खाजगी आयुष्य रुग्णापुढे चुकूनही उघडायचं नाही. मी सगळं मान डोलावत ऐकलं. हॉल थंडगार होता, जेवणात दोन भाज्या आणि गुलाबजाम होते. अशा जागी बसलं की माणसाला कुठलीही मर्यादा पाळता येईल असं वाटायला लागतं.

माझं उपकेंद्र दापोली तालुक्यात, केळशीच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. शोधायची हौस असेल त्यांनी शोधावं, आमच्याकडे तशी हौस पुष्कळ लोकांना आहे. गावात दुसरी नर्स नाही, त्यामुळे नात्यातला रुग्ण नेमका कुणाकडे सोपवायचा हे मॅडमना विचारायचं राहून गेलं. सासूबाईंचं ब्लडप्रेशर मी बघते. थोरल्या जावेच्या दोन्ही बाळंतपणांच्या तपासण्या मी केल्या. घरी दूध घालणारा, मुलीचे गुरुजी, माझी स्कूटर दुरुस्त करणारा, सगळे माझेच रुग्ण. ती लाल रेघ मनावर घ्यायची म्हटलं तर आमच्या स्वयंपाकघरातून, चुलीला वळसा घालून न्यावी लागेल.

गावाशी माझं भांडण म्हणाल तर एकाच वाक्याचं आहे. कुणीही विचारलं, अमकीला काय झालंय, तमका कशाला आला होता, की मी सांगते, "कोणाला काय औषध दिलं ते मी सांगत नाही." साधं वाक्य आहे, पण ते ऐकल्यावर लोकांचे चेहरे असे होतात की मी त्यांच्या पानातला माशाचा तुकडा उचललाय. एकदा एकाने नुसतं सर्दीबद्दल विचारलं होतं, तेव्हाही मी हेच म्हणाले. त्या माणसाने पुढे वर्षभर मला बघून रस्ता बदलला. सासूबाईंचं तर म्हणणं, घरात नर्स असून आपल्यालाच सगळ्यात शेवटी बातमी कळते, मग हिच्या नोकरीचा उपयोग काय.

मी गप्प राहिले म्हणून गाव अडाणी राहतं असं मात्र नाही. माझी स्कूटर बोलते. ती ज्या दारात उभी राहते त्या घरात काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत वाडीवाडीत ठरलेलं असतं. नव्या सुनेच्या दारात थांबली तर पाळणा. म्हाताऱ्याच्या दारात थांबली तर मुंबईला फोन जातो आणि मुलं रजेचा अर्ज टाकतात. एकदा पेट्रोल संपलं म्हणून ती एका विधवा बाईच्या फाटकाशी ठेवून चालत गेले, तर त्या बिचारीला दोन महिने खुलासे करावे लागले.

गावाच्या वर, सड्याच्या कातळावर, कातकऱ्यांची वाडी आहे. कुडाची पंधरा-वीस घरं. माणसं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांच्याशी बोलायची एक रीत आहे आणि ती मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही. दुखणं आल्याआल्या सांगायचं नसतं. आधी बसायचं, खाडीला काय मिळतंय, कुणाची शेळी व्याली, असं चालू द्यायचं. मग उठायचं, टोपली डोक्यावर घ्यायची, आणि निघता निघता, पाठ फिरवून, खरं काय ते सांगायचं. सुरुवातीला मी घाईने विचारायचे, "बोला, काय होतंय?" त्यावर उत्तर यायचं, "काय नाय." मी सरकारी कागदावर 'तक्रार नाही' असं लिहायचे. असल्या कागदांवरून आमची वाडी जिल्ह्यात सगळ्यात निरोगी होती.

त्या वाडीतल्या एका बाईशी माझी जरा जास्त ओळख झाली. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात होता. तीन बाळंतपणं लागोपाठ झाली होती आणि तिला आता थांबायचं होतं, पण तांबी बसवायची तिला भीती वाटत होती. तांबी पोटातून वर चढते आणि काळजाला लागते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी चित्रं दाखवली, प्लास्टिकचा नमुना दाखवला. ती हो हो म्हणत राहिली आणि नाही म्हणत राहिली. शेवटी मी वैतागून बोलून गेले, "अगं, मी स्वतः बसवलीय. माझं काळीज आहे ना जागेवर?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली, आणि पुढच्या आठवड्यात येऊन तांबी बसवून गेली.

आता ही माझी तांबी म्हणजे घरातली सर्वांत मोठी गुप्त गोष्ट. मला एक मुलगी आहे आणि मला दुसरं मूल नको होतं. नवऱ्याला ठाऊक होतं, पण तो मुंबईला असतो आणि आईसमोर कानावर हात ठेवतो. सासूबाईंना नातू हवा होता. उपकेंद्राच्या भिंतीवर 'मुलगा मुलगी एकसमान' असं हातभर अक्षरात रंगवलंय, त्या भिंतीखाली बसून त्या मला नातवाचं विचारायच्या. सबंध गावात माझं हे गुपित फक्त त्या कातकरी बाईला ठाऊक होतं. मॅडमच्या लाल रेघेची वाट मी अशी लावून ठेवली होती.

पुढच्या वर्षी भट्टीवरून ती परत आली ती निम्मी होऊन. उपकेंद्रात बसली, शेळ्यांचं बोलली, शेवळांची रानभाजी आणली होती ती दाखवली. मग उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "खोकल्यातून रगत पडतंय, बाई."

टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने, एक दिवस न चुकवता. चुकवल्या तर रोग जास्त हट्टी होऊन परत येतो आणि मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही. तिला मी हे स्पष्ट सांगितलं आणि तिनेही, या वेळी टोपली खाली ठेवूनच, ऐकून घेतलं. घरच्यांचीही तपासणी करायची होती. पण एका घरात तपासणी म्हणजे आभाळभर बोंब, म्हणून मी सबंध वाडीचंच शिबिर घेतलं. एका बाईचा खोकला लपवायला अख्ख्या वाडीची थुंकी डब्यांत भरून दापोलीला पाठवली. वरून मला चांगल्या कामाबद्दल शाबासकी आली.

अडचण पुढेच होती. नियमाप्रमाणे मी तिच्या दारात जाऊन गोळी द्यायची. म्हणजे माझी स्कूटर रोज त्याच कुडाशी उभी. त्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी. पाकीट तिच्या घरी ठेवावं तर एका खोलीच्या घरात ते कुठे लपणार. आणि लपवायला कारण होतं. शाळेत पोरांचं दुपारचं जेवण करणारी बाई मुलाकडे मुंबईला निघून गेली होती. ही कातकरीण आधीपासून तिला मदत करायची, हाताला चव होती आणि शाळेच्या मुख्य बाईंना तीच हवी होती. दिवाळीच्या आधी नेमणूक व्हायची होती. जागा मिळाली तर ती भट्टीवर जाणार नव्हती. भट्टीवर गेली नाही तर गोळ्या पुऱ्या होणार होत्या. न मिळाली तर नवऱ्याबरोबर कोळशाच्या धुरात जायचं आणि गोळ्या अर्ध्यावर सुटायच्या. अशी तिच्या जिवाची सगळी सोय एका शाळेच्या चुलीवर येऊन टेकली होती.

कातकरणीच्या हातचं आपल्या पोरांनी खायचं का, हा प्रश्न गावाच्या पोटात होता, पण ओठावर आणायची चोरी होती. दिवस सुधारलेले आहेत, असं बोललं तर बरं दिसत नाही. 'टीबी' हा शब्द त्यांना कळला असता तर सगळ्यांची फार सभ्य सोय झाली असती. आमची बौद्धवाडीसुद्धा यात मागे नव्हती. ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं, त्यांच्याच पडवीत कातकऱ्यांसाठी कानतुटका कप वेगळा ठेवलेला मी बघितलाय. त्या कपाची मला चीड येते. आमच्या घरातला मी फोडला, आणि हातातून निसटला म्हणून सांगितलं.

शिवाय त्या जागेला दुसरा अर्ज होता तो माझ्या थोरल्या जावेचा. एकीकडे रुग्ण, दुसरीकडे नात्यातली उमेदवार, आणि मधे मी. असा प्रसंग मॅडमच्या पडद्यावर कुठे नव्हता.

मग आम्ही दोघींनी एक व्यवस्था केली. ती नाहीतरी दारोदार टोपली घेऊन फिरायची. तिने रोज सकाळी आमच्या मागच्या दाराला यायचं, मी काहीतरी विकत घ्यायचं आणि पाण्याचा तांब्या देताना हातात गोळ्या ठेवायच्या. तिने तिथेच, चुलीकडे पाठ करून, त्या गिळायच्या. आषाढात कुर्ल्या आल्या. श्रावणात टाकळा आणि पुन्हा कुर्ल्या. आम्ही बाकीच्यांसारखा श्रावण पाळत नाही, त्यामुळे सुटकेची तीही वाट नव्हती. भादव्यात शेतातले मुठे, म्हणजे पुन्हा खेकडेच, मग खाडीच्या तिसऱ्या. रुग्णाकडून काही घ्यायचं नाही हा नियम मी इतका मोडला की सासूबाई एक दिवस ताट सरकवून म्हणाल्या, "काय गो, परत कुर्ल्या? माज्या दाढा गेल्या फोडून फोडून. गावात दुसरं कायच मिळत नाय काय?"

गाव हे सगळं बघत होतंच. नर्सच्या मागच्या दाराला रोज एक कातकरीण जाते, दार लोटलं जातं, काहीतरी देणंघेणं होतं. गावाने डोकं चालवलं. कातकऱ्यांना झाडपाल्याची माहिती असते. नर्सला एकच मुलगी. म्हणजे नर्स चोरून मुलगा व्हायचं औषध घेते. दिवसा लोकांना भिंतीवरचं वाचून दाखवते आणि सकाळी मागच्या दारात मुळ्या चघळते. नवरा मुंबईला आणि औषध गावात, ही बारीकशी अडचण कुणाच्या लक्षात आली नाही.

मला हे कळलं तेव्हा मी आधी पोट धरून हसले, मग संतापले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला काहीच बोलता येत नाही. ती औषध द्यायला येत नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार होता, मग कशाला येते? म्हणून मी गप्प बसले. रुग्ण माझी वैदू झाली आणि मी तिची रुग्ण. गावातल्या दोन शिकलेल्या बायका उपकेंद्रात येऊन लोहाच्या गोळ्या घेताना हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ते तुमचं दुसरं औषध आम्हालाही सांगा की." मी म्हणाले, कोणाला काय औषध दिलं ते मी सांगत नाही. त्यांनी एकमेकींकडे असं बघितलं की त्यांची खात्रीच पटली.

सगळ्यात वाईट झालं ते सासूबाईंचं. त्यांनी ती बातमी ऐकली आणि त्या बदलल्या. कुर्ल्यांबद्दलची कुरकुर थांबली. माझ्या हातातली कळशी काढून घ्यायला लागल्या. "तू बस, मी करतंय," म्हणून पहाटे स्वतः भाकऱ्या थापायच्या. कातकरणीला त्यांनी आतून पाट आणून दिला, चहा दिला, आणि तोही आमच्या कपातून. लग्न झाल्यापासून ज्या माणसाशी माझं रोज वाजायचं, ते माणूस माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागलं. मला लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर आरामही वाटत होता. पण रात्री त्यांच्या शेजारी अंथरुणावर पडले की मी भिंतीकडे तोंड करायचे, कारण त्या वाट बघत होत्या आणि येणारं कुणी नव्हतं.

दसरा झाल्यावर शाळेत पालकांची सभा भरली. कातकरीण दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसली होती. तिच्या थुंकीची तपासणी आता स्वच्छ आली होती, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पण ते मी तिथे सांगू शकत नव्हते. शाळा समितीचे अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "सिस्टर, लहान पोरांच्या जेवणाचा प्रश्न आहे. ही बाई रोज तुमच्याकडे येते असं ऐकतो. आजारी वगैरे असेल तर आधीच सांगा. आमचं दुसरं काही म्हणणं नाही."

दुसरं काही म्हणणं नाही, हे ते दोनदा म्हणाले. यांची साखर जेवल्यानंतर कुठे जाते ते मला ठाऊक आहे, पण तेही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

"कोणाला काय औषध दिलं ते मी सांगत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे औषध चालू आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सभेकडे बघितलं.

इतकी वर्षं ज्या वाक्याच्या आडोशाला मी लोकांना ठेवलं होतं त्याच वाक्याने ही उघड्यावर पडत होती. इतरांबद्दल गप्प बसले तर ती माझी सवय असते, आणि इथे तीच सवय कबुली ठरत होती. ती दाराजवळ खाली बघत होती, आणि मला तिचा भट्टीवरचा हिवाळा दिसत होता.

तेवढ्यात माझी थोरली जाऊ उभी राहिली. माझ्यावर तिचा राग जुना होता. एवढ्या सभेत मला उघडं पाडायची संधी तिला सोडवेना.

"ती कशाला आजारी असंल?" ती म्हणाली. "ती औषध घ्यायला नाय येत, द्यायला येते. आमच्या धाकटीला मुलगा हवाय ना. इचारा तिलाच."

सभा खदखदून हसली. अध्यक्षसुद्धा हसले. मला त्या क्षणी फक्त एक करायचं होतं, ते म्हणजे नाही न म्हणणं. मी लाजल्यासारखी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सरकारी नोकरीत मी केलेलं हे सर्वांत अवघड काम. हसू ओसरेपर्यंत आजाराचा प्रश्न कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. जी बाई दुसऱ्याला औषध देते ती आजारी कशी असेल, आणि दुसरं काही म्हणणं नाही असं तर अध्यक्ष सांगून बसले होते. शाळेच्या बाईंनी पटकन कागद पुढे केला. जावेला आपण काय केलं ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर तिने माझ्याशी बोलणं सोडलं ते अजून सोडलेलंच आहे.

त्या हिवाळ्यात ती भट्टीवर गेली नाही. सुरुवातीला काही पोरं घरून डबा आणायची, कुणाचं पोट बिघडलेलं असायचं, कुणाला तिखट चालत नसायचं. मग आमटीचा वास वर्गात जायला लागला आणि पोटं आपोआप बरी झाली. सकाळच्या गोळ्या मात्र चुकल्या नाहीत. एका सकाळी शेवटची गोळी गिळून झाली. तिने रिकामा तांब्या पालथा घालून ठेवला आणि शाळेकडे गेली. त्यानंतर तिचं रोजचं येणं थांबलं.

सासूबाईंनी आणखी काही महिने वाट बघितली. माझ्या चालण्याकडे, माझ्या ताटाकडे बघायच्या. मग त्यांनी बघणं सोडलं आणि कळशी पुन्हा माझ्याकडे आली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी ती बाई मागच्या दारी आली. अंगाने भरली होती. टोपलीत कालवं होती, खरोखर विकायला आणलेली. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी तिला पाट दिला नाही.

"तुजं औषध नुसता पाला," त्या म्हणाल्या. "मी तुला माज्या कपात चाय पाजली. फसवलंस तू आमाला."

तिने ऐकून घेतलं. मी चुलीजवळ हात ओले घेऊन उभी होते. तिला एका वाक्यात मोकळं होता आलं असतं. मी कधी औषध दिलंच नाही, तुमच्या सुनेने तांबी बसवलीय, असं म्हटलं असतं तर तिची फसवणुकीतून सुटका होती आणि माझा संसार त्या पडवीतच मोडला असता. सासूबाई पुढे वाकल्या. आवाज रडवेला झाला होता.

"खरं सांग बाय. मी कुणाला बोलणार नाय. ईनं तुजं औषध घेतलंन तरी काय?"

ती उठली. टोपली डोक्यावर घेतली. दाराकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आजी, कोणाला काय औषध दिलं ते मी सांगत नाय."

सासूबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कालवं घेयाची ऱ्हायली, तिला हाक मार."

मी हाक मारायला दारात गेले. ती फाटकापर्यंत जाऊन थांबली होती.